काकांचा काळा कोको

माझ्या बापाने माझं एकही पथ्य कधी धड पाळलं नाही आणि शेजारच्या काकांचं एकही कधी मोडलं नाही. मी अकोल्यात एका खासगी दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. रोज माणसं माझ्यासमोर बसतात, मीठ किती, तेल किती, भात चालेल का असं विचारतात, मान डोलावतात, आणि त्यातली बरीचशी चक्क तसं वागतातही. माझे बाबा मात्र अमरावतीला, मी हाताने लिहून फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यासमोर उभे राहून तळलेला, दह्यातला गिला वडा खायचे. वर मला फोनवर सांगायचे, "तुया तक्ता लय मस्त दिसून राहिला बरं, पाहुणे विचारतात कोनाचं अक्षर हाये म्हणून."

काका माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. कॉलनीत सगळे त्यांना मातीवाले म्हणायचे, मी काका म्हणायचे, आणि मनात काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता ते अमरावतीत नाहीत. गुडघे गेल्यावर तिवस्याला धाकट्या भावाकडे राहायला गेले. बाबा महिन्यातून दोनदा एसटीने तिवस्याला जातात. माझ्याकडे अकोल्याला यायचं म्हटलं की त्यांना उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही बाधतात.

काका माती चाखायचे. हे मी अलंकारिक बोलत नाही. कुणाच्याही घरी गेले की तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती उचलायची, बोटावर चुरायची, नाकाशी न्यायची आणि जिभेच्या टोकावर ठेवायची. मग डोळे मिटून निकाल. "निचरा नाई. पानी कमी टाका, पोरीहो." माझं लग्न सासरच्या दारीच झालं; वऱ्हाडी मंडळी जेवायला बसली होती आणि हा माणूस मांडवामागे माझ्या सासऱ्यांच्या परसात उकिडवा बसलेला. परत आले ते हात झटकत, आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "चोपण हाये तुमची जमीन. पावसात चिखल, उन्हात दगड. पोरीले सांभाळून घ्या, तिची जमीन भुसभुशीत हाये." सासरे आजही हे सांगून हसतात. मी त्या दिवशी रडले होते. निरोपाच्या वेळी बाबा माझ्याकडे न बघता या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, म्हणून.

चोपण आणि खारं पाणी हा काकांच्या आयुष्याचा धंदा होता. अकोला-अमरावतीकडचा खारपाणपट्टा त्यांनी सायकलवर, मग मोटारसायकलवर, मग सरकारी जीपमध्ये पालथा घातला. विहिरीला पाणी आहे पण खारट, ते रानाला दिलं की जमिनीत सोडियम साठतो आणि जमीन दगड होते, हे त्यांनी गावोगाव पारावर बसून सांगितलं. कापडी पिशवीत मातीचा नमुना, पिशवीला चिठ्ठी, चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि तारीख. एकदा एका वजनदार माणसाला बँकेसाठी जमीन चांगली दाखवायची होती. त्याने नुसता एक आकडा बदलून मागितला. काका म्हणाले, "मी बदलवतो ना. तुमी आधी वावर बदलवून आना." त्यानंतर त्यांची बदली दूर डोंगरात, धारणीला झाली. तिकडच्या रस्त्यांनी त्यांची कंबर कायमची कामातून गेली, पण तक्रार म्हणून नाही, तर लाल माती पाहायला मिळाली म्हणून ते धारणीची गोष्ट सांगायचे.

घरातही सगळ्याला चिठ्ठ्या. हळदीच्या डब्याला तारीख, साबणाच्या वडीला तारीख. त्यांची बायको वारल्यावर तिची एक साडी त्यांनी तशीच घडी घालून ठेवली होती, तिलाही चिठ्ठी होती. त्यावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. बाबांनी वाचलं होतं.

बाबांच्या छातीत दुखलं त्या वर्षी आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. स्टेंट बसला. मी रजा घेऊन पंधरा दिवस अमरावतीला राहिले, बिनमिठाचं वरण केलं, जवसाची चटणी केली, ओट्स शिजवले. बाबांनी ओट्सकडे बघून विचारलं, "हे भिंतीले लावाचं हाये का?" पंधराव्या दिवशी मी परत गेले आणि सोळाव्या दिवशी काका हातात डार्क चॉकलेटचं पाकीट घेऊन आले. पेपरात त्यांनी वाचलं होतं की कोकोमुळे हृदयाला फायदा होतो.

ते वाचलेलं अगदीच खोटं नव्हतं, हीच माझी अडचण. कोकोच्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. ती रक्तवाहिन्यांना जरा सैल व्हायला मदत करतात आणि रक्तदाब किंचित उतरू शकतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. यातले 'किंचित' आणि 'शकतो' हे दोन शब्द मी पेशंटना आवर्जून ऐकवते. चॉकलेट म्हटलं की त्यात साखर आली, स्निग्ध पदार्थ आले, आणि गोळीच्या जागी चॉकलेट तर कधीच नाही. हे सगळं मी बाबांना फोनवर नीट समजावलं. ते म्हणाले, "हो का? विचारतो त्याले."

विचारतो त्याले! सहा वर्षं शिकून, पदव्या घेऊन, मी जे सांगितलं ते पडताळायला माझा बाप माती चाखणाऱ्या माणसाकडे जाणार होता.

काकांचं शास्त्र वेगळं होतं. "हृदय म्हणजे काय हाये? निचरा," ते म्हणायचे. "नाली साफ त रान साफ. साचलं का सडलं." चॉकलेटची वडी ते ढेकळासारखी दोन बोटांत फोडायचे, आवाज ऐकायचे, वास घ्यायचे, आणि मग बाबांच्या हातावर एक तुकडा ठेवायचे. रोज दुपारी चार वाजता. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या, हेही त्यांनीच बजावलं होतं आणि तेवढ्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात अर्धा गुण द्यायचे. अमरावतीच्या मे महिन्यात चॉकलेट टिकणार कुठे? काकांनी माठाखालच्या ओल्या रेतीत स्टीलचा डबा पुरला होता आणि डब्यात चॉकलेट. चिखलदऱ्याला कॉफी होते तर कोको का होऊ नये, म्हणून एकदा ते बाबांना घेऊन चिखलदऱ्याला जाऊन आले. झाड मिळालं नाही. तिथली माती तेवढी पिशवीत घेऊन आले. बाबा त्या सहलीबद्दल महिनाभर बोलत होते. मी त्यांना महाबळेश्वरला नेलं होतं तेव्हा ते दोन दिवस हॉटेलात पेपर वाचत बसले होते.

स्पष्टच लिहिते, मी जळायचे. आपल्या बापाच्या म्हाताऱ्या मित्रावर जळणं शोभत नाही, हे मला कळत होतं. पण मी शनिवारी दुपारी बसमधून उतरून घरी पोचायचे तेव्हा बाबा आरशासमोर उभे राहून इस्त्रीचा शर्ट चढवत असायचे. शेजारच्या दारात जायला इस्त्रीचा शर्ट! माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते पोस्टातल्या नोकरीवरून थेट, बाहीवर शाईचे डाग घेऊन आले होते. "आली का तू? बस, च्या घे, मी येतोच," असं म्हणून ते निघून जायचे आणि भिंतीपलीकडून मला दोघांचं हसणं ऐकू यायचं.

एकदा काका मला सहज म्हणाले, "ऑपरेशनच्या येळी लय घाबरले होते तुये बाबा. तुयी आई सपनात येऊन कपडे वाळू घालून राहिली होती म्हणे." मी त्या दिवशी दवाखान्यात बाबांचा हात धरून बसले होते. मला ते म्हणाले होते, "काही नाई, मच्छर लय हाये इथं."

पावसाळ्यापासून काकांनी चॉकलेट सोडून कोकोची पावडर सुरू केली. साखर नको, म्हणून. हे मात्र मीच कधीतरी म्हटलं होतं, पण श्रेय अर्थातच त्यांना. बेकरीचं सामान मिळतं तिथून बिनसाखरेची पावडर आणायची आणि पाण्यात उकळून कपभर काढा करायचा, सकाळी एक आणि दुपारी चारला एक. कडू, तुरट, जरासा आंबट. दसऱ्याला गेले तेव्हा मी तो पिऊन पाहिला होता आणि त्यात नाव ठेवण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून माझा मूड गेला होता.

दिवाळीत पाडव्याच्या दिवशी काका कपांचा ट्रे घेऊन आमच्याकडे आले. या वेळी काढा वेगळाच दिसत होता, काळाभोर, आपल्याकडच्या पहिल्या नांगरटीच्या रानासारखा. काका खुशीत होते. "पाय, कसा रंग आला! काळं ते कसदार." काळ्या रंगावर संशय घ्यायची आमच्या वऱ्हाडात पद्धतच नाही. बाबा कौतुकाने बघत होते. मी एक घोट घेतला. आंबटपणा गायब होता, आणि जिभेवर साबणासारखी एक बुळबुळीत चव राहिली.

मी कप खाली ठेवला.

"सोडा घातलाय का काका?"

"ओळखलं ना! खायचा सोडा. चिमूटभर." त्यांनी खिशातून कागदाच्या पट्ट्या काढल्या, मातीचा आंबटपणा मोजायच्या. "तुया बाबाले जळजळ होते ना पित्ताची. मी पट्टी लावून पाह्यली त कोको आंबट निघाला! पस्तीस वर्षं नोकरी केली, आपल्या भागात आंबट जमीन मले एक दिवस पाहाले भेटली नाई. सगळी खारी. पुस्तकात तेवढं वाचलं होतं का कोकणात अशी असते, तिले चुना देऊन सुधरवतात. आता चुना कुठं पोटात देऊ? म्हणून सोडा."

तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरले नाही. आयुष्यभर न भेटलेला रोगी भेटला होता आणि त्यांनी तो बरा केला होता.

आणि मला एका क्षणात सगळं कळलं. कोकोला क्षार लावला की तो काळा होतो, मवाळ होतो आणि त्यातली फ्लॅव्हनॉलं बरीचशी नाहीशी होतात. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तेच काका दररोज पातेल्यात मारून टाकत होते. वर रक्तदाबाच्या माणसाला दिवसातून दोन वेळा सोडा, म्हणजे सोडियम. घरातलं लोणचं-पापड मी भांडून बंद केलं होतं आणि ते या दारातून कपात बसून परत आलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. 'काका, सोडा नका घालू.' बस. ते तिथेच थांबले असते.

मी म्हटलं नाही. "छान लागतंय," असंही म्हटलं नाही, फक्त उठून फराळाची ताटं वाढायला घेतली. मला ते वाक्य असं घरातल्या घरात, तीन माणसांत वाया घालवायचं नव्हतं. काकांची चूक माझ्या हातात आली होती, पहिल्यांदाच, आणि मला ती मोठ्या जागी वापरायची होती. बाबांनी ती सगळ्यांसमोर बघायला हवी होती.

संक्रांतीनंतर बाबांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली आणि विचारलं, मीठ जास्त होतंय का? बाबा म्हणाले, "नाई बा, पोरगी कडक हाये माई." मी शेजारीच बसले होते. थंडीत बऱ्याच जणांचा रक्तदाब वाढतो, तो त्या चिमटीभर सोड्यानेच वाढला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण सोड्याने नाही असंही मी सांगू शकत नाही, आणि हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या माहीत होतं. तरी मी गप्प राहिले. कारण फेब्रुवारीत ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात काकांचं व्याख्यान ठरलं होतं.

रविवारची सकाळ होती. देवळामागच्या सभागृहात चाळीसेक म्हातारी माणसं, पुढच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बाबा. काकांनी फळ्यावर 'हृदय आणि निचरा' असं लिहिलं होतं, त्याखाली कोकोच्या काढ्याची कृती, प्रमाणासकट. टेबलावर मोठा थर्मास आणि कागदी कप. व्याख्यान छान झालं. लोक हसले, वहीत लिहून घेत होते. कुणाला शंका आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी उभी राहिले.

"काका, सोडा काहून टाकता?"

त्यांनी आनंदाने सगळं सांगितलं, पट्टी, कोकण, चुना. मी मधे बोलले नाही, पूर्ण सांगू दिलं. मग दवाखान्यातल्या आवाजात मी सांगितलं की क्षाराने कोकोतलं कामाचं द्रव्य मरतं, उरतो तो रंग. आणि मग तीन महिने घोटून घोटून तयार ठेवलेलं वाक्य टाकलं.

"खारं पाणी रानाले देऊ नका, सोडियमनं जमीन मरते, हे तुमी जल्मभर गावोगाव सांगत फिरले ना काका? मंग माह्या बापाले तेच रोज दोन खेपा काहून पाजून राहिले?"

मी बाबांकडे पाहिलं. ते काकांकडे पाहत होते.

काका फळ्याकडे वळले. आपणच लिहिलेली कृती त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचली. "असं कसं सुटलं माह्या हातून?" ते स्वतःशीच म्हणाले. त्यात लाज नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मग डस्टर शोधत न बसता त्यांनी तळहाताने सगळं पुसून टाकलं आणि लोकांना म्हणाले, "ज्यानं ज्यानं लिहून घेतलं त्यानं खोडा. मी चुकलो. ही पोरगी शिकेल हाये, हिचं ऐका." आणि टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. त्यांच्या पांढऱ्या झालेल्या हातांनी. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

याच टाळ्यांसाठी मी दिवाळीपासून थांबले होते, आणि त्या संपेपर्यंत उभं राहणं मला जड गेलं.

ते थर्मास घेऊन मागे गेले तशी मीही गेले. झाडाच्या बुंध्याशी न ओतता त्यांनी तो मोरीत रिकामा केला. मान वर न करता विचारलं, "कवा समजलं तुले?"

खोटं बोलायचं सुचलं असतं तर बोलले असते.

"दिवाळीत."

"दिवाळीत," ते म्हणाले. थर्मास धुऊन त्यांनी झाकण लावलं. "राग माह्यावर होता ना? मंग मले शिव्या द्याच्या होत्या, बाई. तुये बाबा काहून भरडले मधात?"

तेवढ्यात बाबा तिथे आले. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "आजच वाचलं म्हणे हिनं, सकाळी बसमधी येता येता. आन् पाय, आल्याबरोबर सांगून टाकलं! दुसरी असती त भिडेनं गप राहिली असती."

आकडा बदलायला नको म्हणून धारणीला गेलेला माणूस माझ्यासाठी तारीख बदलत होता. बाबा म्हणाले, "पोरगी कोनाची हाये." मला त्या क्षणी काकांबद्दल कृतज्ञ वाटायला हवं होतं. पण मला वाटला तो हेवाच, आधीपेक्षा जास्त. एवढं चांगलं असायची या माणसाला काय गरज होती?

दुपारी बाबा मला बस स्टँडवर सोडायला आले. अकोल्याची गाडी लागलेली होती, पण ड्रायव्हर चहाला गेला होता. आम्ही गाडीच्या सावलीत उभे राहिलो. बाबांनी माझ्यासाठी संत्री घेतली होती, ती पिशवी ते या हातातून त्या हातात करत होते. मला ते कौतुक पचत नव्हतं.

"बाबा, मले आज नाई समजलं ते."

"मालूम हाये मले."

मी त्यांच्याकडे वळले.

"पाडव्याले तू एक घोट घेतला आन् कप खाली ठेवला," ते म्हणाले. "तुयं तोंड मी पाह्यलं ना. लहानपणी औषध थुकून टाकाची तवा करत होती, तसंच. तवाच समजलं का याच्यात काहीतरी हाये."

"मंग तुमी पेत काहून राहिले?"

ड्रायव्हर आला. कंडक्टरने गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. बाबांनी संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

"तू काही बोलली नाई ना," ते म्हणाले. "म्हटलं, खराब असतं त माई पोरगी बोलली असती."